समुद्रात कचरा टाकायला बंदी आहे म्हणे, मग नदीतून सोडला तर?

मास्तर_सातरस्ता
मंडळी, मी सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पर्यावरण शिकवतो. परवा सागरी प्रदूषणाचे आंतरराष्ट्रीय करार घेत होतो. फळ्यावर नेहमीची यादी: लंडन करार १९७२, मार्पोल १९७३ आणि ७८, संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा १९८२, बासेल १९८९. भारत लंडन कराराचा सदस्य नाही, एवढं सांगून पुढं जायला लागलो तर पहिल्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, मग आपल्याकडच्या एखाद्या जहाजानं शंभर मैल आत जाऊन रसायनाची पिंपं बुडवली, तर त्याला कोण काय करणार?" तेवढ्यात मागून एकानं पिल्लू सोडलं, "सर, ते कोकणातल्या पोरांना विचारू द्या. आपल्याला समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसावं लागतं."

वर्ग हसला, तास संपला. पण प्रश्न दोन्ही चांगले आहेत. माझं स्वतःचं मत असं, की हे करार म्हणजे मोठ्या देशांनी आपला कचरा टाकून झाल्यावर बाकीच्यांना शिकवलेलं शहाणपण. अणुकचऱ्याचंच बघा. १९४६ पासून पिंपं बुडवत होते, पूर्ण बंदी यायला १९९३ उजाडलं. जहाजाचा किंवा कायद्याचा अनुभव असलेल्यांनी लिहावं. माझं मत खोडलंत तरी चालेल, पण पुराव्यानिशी.

कडक_भाकरी
शेंगाचटणी घेऊन बसलोय. येऊ द्या.

तिसरा_इंजिनिअर
मी मूळचा जोडभावी पेठेतला, नोकरी जहाजावर इंजिन रूममध्ये, सध्या सुट्टीवर.

मास्तर, लंडन आणि मार्पोल यांची बरेच जण गल्लत करतात म्हणून आधी ते. जमिनीवरचा कचरा मुद्दाम जहाजात भरून समुद्रात नेऊन टाकणं हा लंडनचा विषय. जहाज चालताना त्याच्यावरच जी घाण तयार होते, म्हणजे इंजिनचं तेलकट पाणी, संडासाचं पाणी, गॅलीतला कचरा, धूर, ती मार्पोलची. मार्पोलला सहा परिशिष्टं आहेत, कचऱ्याचं पाचवं. यात भारत १९८६ पासून आहे.

आता प्रत्यक्ष कसं चालतं ते. जहाजावर कचऱ्याचे ड्रम वेगवेगळ्या रंगांचे. प्लास्टिक समुद्रात टाकायचं नाही, कितीही आत गेलात तरी नाही. डेकवर कुणी बिस्किटाचा पुडा फोडला आणि कागद उडाला, तर बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, आईबापासकट उद्धार करतो. उरलेलं अन्न बारा सागरी मैलांच्या पुढं टाकता येतं. दळून २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक केलं तर तीन मैलांच्या पुढं. भूमध्य समुद्र, बाल्टिक, इराणचं आखात अशा ठिकाणी नियम आणखी कडक. आणि प्रत्येक वेळी गार्बेज रेकॉर्ड बुकात नोंद करायची. तारीख, वेळ, जहाज तेव्हा कुठं होतं, कुठल्या प्रकारचा कचरा, किती घनमीटर. नोंदीखाली अधिकाऱ्याची सही, पानाखाली कॅप्टनची. बंदरात कचरा उतरवला की त्याची पावती लावून ठेवायची.

बंदरात तपासणीवाला चढला की हे पुस्तक मागतो आणि तोंडी हिशेब लावतो. माणसं बावीस, प्रवास इतके दिवस, आणि प्लास्टिक एवढंच? बाकीचं कुठं गेलं? तिथं कॅप्टनला घाम फुटतो. कारण जहाज अडकलं की दिवसाचे लाखो रुपये पाण्यात.

उगाच_बे
म्हणजे जहाजावर ओला-सुका वेगळा, आणि आमच्या गल्लीत आम्ही वेगळा करून दिला तरी गाडीत सगळा एकत्र. मला समुद्रात राहायला जायचंय बे.

मास्तर_सातरस्ता
@तिसरा_इंजिनिअर, पुस्तकात खोट्या नोंदी करता येत नाहीत का? आमच्याकडं हजेरीपटात मेलेली माणसंही हजर असतात.

तिसरा_इंजिनिअर
करतात की. त्याला 'मॅजिक पाइप' म्हणतात. इंजिन रूमच्या तळाला जे तेलकट पाणी साचतं, ते सेपरेटरमधून काढून तेलाचं प्रमाण १५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत १५ भागांच्या खाली आल्यावरच बाहेर सोडायचं. सेपरेटर सारखा तुंबतो, फिल्टर महाग, घाण उपसून आमचा जीव जातो. मग एखादा चीफ इंजिनिअर दोन फ्लँजमध्ये एक पाइप जोडतो, सेपरेटरला वळसा घालून पाणी थेट समुद्रात, आणि तेलाच्या वहीत सगळं आलबेल.

प्रिन्सेस क्रूझेस या बड्या कंपनीचं हेच उघड झालं. २०१३ मध्ये जहाजावरच्या एका नव्या ज्युनिअर इंजिनिअरनं तो पाइप बघितला, इंग्लंडच्या बंदरात उतरून तक्रार केली. २०१६ मध्ये कंपनीनं अमेरिकेत गुन्हा कबूल केला, दंड ४ कोटी डॉलर. अमेरिकेच्या कायद्यात दंडातला निम्म्यापर्यंत वाटा चुगली करणाऱ्याला मिळू शकतो. त्या पोराला दहा लाख डॉलर मिळाले. तेव्हापासून आमच्या धंद्यात प्रत्येक चीफ जरा ज्युनिअरशी गोड बोलतो.

गंमत बघा, गुन्हा सिद्ध होतो तो बहुतेक वेळा तेल सांडल्याचा नाही, खोटी वही दाखवल्याचा. भर समुद्रात तेल सांडताना कुणी बघितलेलं नसतं. वही मात्र त्यांच्या बंदरात, त्यांच्या अधिकाऱ्याच्या हातात असते.

नवीपेठ_नाना
हे भारी आहे. आपल्याकडं पण दंडातला निम्मा वाटा सुरू करा, बघा किती पोरं पर्यावरणप्रेमी होतात ते.

ॲड_माणिकचौक
मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी कळवा. उत्तर असं आहे: करता येतं.

शंभर मैल म्हणजे आपल्या २०० सागरी मैलांच्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या आतच. तिथल्या सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचा अधिकार १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानं भारताकडं आहे. शिवाय भारतानं १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याला मान्यता दिली. त्याचं कलम २१० सांगतं की किनारी देशाच्या स्पष्ट पूर्वपरवानगीशिवाय त्याच्या क्षेत्रात काही टाकायचं नाही. त्याच कलमात पुढं असंही आहे की देशाचे स्वतःचे कायदे जागतिक नियमांपेक्षा कमी परिणामकारक असता कामा नयेत. आता हे जागतिक नियम कुठले? बहुतेक अभ्यासक म्हणतात, लंडनचेच. म्हणजे पुढच्या दारानं आपण गेलो नाही, पण मागच्या दारानं त्याच घरात आहोत. २०० मैलांच्या पलीकडं मात्र जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशावर मुख्य भिस्त. आणि झेंडे पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं अशांचे असतात, जहाजाचा खरा मालक भलतीकडंच.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, म्हणजे शहाणपण उशिरा सुचलं याबद्दल, एक भर घालते. १९७२ चा करार मवाळ होता. त्यात एक काळी यादी होती, ती टाकायची नाही. एक करडी यादी, ती विशेष परवान्यानं. बाकी सगळं साध्या परवान्यानं टाका. १९९६ च्या प्रोटोकॉलनं हे उलटं केलं: काहीच टाकायचं नाही, फक्त यादीतल्या मोजक्या गोष्टी सोडून. बंदराचा उपसलेला गाळ, मासळीचा कचरा, जुनी जहाजं वगैरे. सांडपाण्याचा गाळही त्या यादीत होता, तो २०२२ मध्ये काढायचं ठरलं. समुद्रात नेऊन कचरा जाळायलाही बंदी. प्रोटोकॉल लागू झाला २००६ मध्ये, सदस्य पन्नासच्या थोडे वर. मूळ कराराचे ८७. अमेरिका मूळ करारात आहे, प्रोटोकॉलवर सही करून बसली, पण मान्यता दिलेली नाही. तेव्हा मोठ्या देशांबद्दल तुमचा जो राग आहे तो अगदीच बिनबुडाचा नाही.

निवृत्त_ग्रंथपाल
माणिक चौकच्या ताईंनी कायदा छान मांडला. मी थोडी गोष्ट सांगतो, कारण करार काही सत्प्रवृत्तीतून जन्माला येत नाहीत.

१९७१ मध्ये स्टेला मारिस नावाचं एक डच जहाज रॉटरडॅमहून क्लोरिनयुक्त रासायनिक कचरा घेऊन उत्तर अटलांटिककडं निघालं, टाकायला. तेव्हा हे बेकायदा नव्हतंच. नॉर्वे, आइसलंड, आयर्लंड सगळे बोंबलले आणि जहाजाला मालासकट परत फिरावं लागलं. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९७२ मध्ये, ऑस्लो करार झाला आणि वर्षअखेरीस लंडनचा.

अणुकचऱ्याच्या बंदीचीही तीच तऱ्हा. ऑक्टोबर १९९३ मध्ये रशियन नौदलाच्या एका जहाजानं जपानच्या समुद्रात शेकडो टन किरणोत्सारी द्रव ओतला. जपाननं आकाशपाताळ एक केलं. पुढच्याच महिन्यात लंडनच्या बैठकीत सगळ्या प्रकारच्या अणुकचऱ्यावर बंदीचा ठराव. जपानची स्वतःची पॅसिफिकमध्ये पिंपं बुडवायची योजना पूर्वी होतीच, हे ओघानं आलं.

मात्र मास्तरांनी '४६ ते '९३' एका दमात म्हटलं तेही बरोबर नाही. १९८३ पासून सदस्य देशांनी हे टाकणं स्वतःहून थांबवायचं ठरवलं होतं आणि बहुतेकांनी पाळलं. दहा वर्षं नुसत्या शब्दावर चाललं, हे कमी नाही.

कडक_भाकरी
आणि फुकुशिमा? तिथलं पाणी तर ऑगस्ट २०२३ पासून सोडायलेत. तेव्हा जपानला करार आठवला नाही होय?

ॲड_माणिकचौक
खरा पेच तिथंच आहे. लंडनच्या करारात 'टाकणं' म्हणजे जहाजातून, विमानातून, फलाटावरून किंवा समुद्रातल्या मानवनिर्मित बांधकामावरून टाकणं. फुकुशिमाचं पाणी किनाऱ्यावरच्या प्रकल्पातून समुद्राखालच्या साधारण एक किलोमीटरच्या बोगद्यानं जातं. चीन आणि दक्षिण कोरिया लंडनच्या बैठकांत म्हणत राहिले की बोगदा हे समुद्रातलं बांधकामच. जपान म्हणालं, उगम जमिनीवर आहे, हा तुमचा विषयच नाही. पाणी किती धोकादायक हा मुद्दा मी इथं काढत नाही, त्यावर वेगळा धागा होईल. मुद्दा एवढाच, की तेच पाणी टँकर जहाजात भरून एक किलोमीटर आत नेऊन ओतलं असतं तर सरळसरळ बंदी होती.

उगाच_बे
मंजे पाइप टाकला की पुण्य, जहाज लावलं की पाप.

सुगरण_होटगीरोड
ताई, गेल्या वर्षी केरळात जहाज बुडालं आणि किनाऱ्यावर साबुदाण्यासारखे पांढरे प्लास्टिकचे दाणे आले, ते कुठल्या करारात येतं? माझी बहीण तिरुवनंतपुरमला आहे. ती वाळूतून चाळणीनं दाणे वेचणारे लोक बघून आली. चाळायचे, गोणीत भरायचे, दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर तेवढेच परत.

ॲड_माणिकचौक
ते एमएससी एल्सा ३. लायबेरियाचा झेंडा, २५ मे २०२५ ला कोचीजवळ बुडालं, ६४० कंटेनरसह. हा अपघात, त्यामुळं लंडन नाही. भंगार काढण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा २००७ चा नैरोबी करार आहे, त्यात भारत आहे. केरळ सरकारनं उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावलाय. आणि ते दाणे, ज्यांना नर्डल म्हणतात, जहाजी नियमांत घातक मालाच्या वर्गात मोडत नाहीत. एल्सामध्ये घातक म्हणून नोंदलेले कंटेनर १३ होते. किनारा ज्यांनी भरला ते दाणे त्यांत नव्हते. २०२१ मध्ये श्रीलंकेत एक्स-प्रेस पर्ल हे जहाज जळून बुडालं, तेव्हाही हेच दाणे.

निवृत्त_ग्रंथपाल
ब्रेंट स्पार सांगायचं राहिलं. १९९५. शेल कंपनीची उत्तर समुद्रातली तेल साठवायची जुनी टाकी, बुर्जाएवढी उंच. खोल समुद्रात बुडवायला ब्रिटिश सरकारची रीतसर परवानगी होती. ग्रीनपीसची माणसं टाकीवर चढून बसली. जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांवर पेट्रोल भरणं बंद केलं. कंपनीनं योजना गुंडाळली, टाकी नॉर्वेला नेऊन तिचे तुकडे धक्क्याच्या बांधकामात वापरले. नंतर ग्रीनपीसनं टाकीतल्या तेलाचा आपला आकडा चुकला म्हणून माफीही मागितली. पण १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी असे जुने सांगाडे समुद्रात टाकायला बंदी केलीच.

नवीपेठ_नाना
म्हणजे कायद्यानं परवानगी दिली आणि गिऱ्हाइकानं नाकारली. काका, मग करार श्रेष्ठ की पेट्रोल पंप?

पद्मा_व्ही
सगळं वाचलं. आता मास्तरांच्या मागच्या बाकावरच्या पोराबद्दल बोलू या का?

आपण समुद्र म्हटलं की गणपतीपुळे, अलिबाग असं पश्चिमेला बघतो. पण सोलापूरचं पाणी तिकडं जातच नाही. शहराचं सांडपाणी नाल्यांनी आदिला, सीनेकडं. सीना कुडलला भीमेला मिळते. भीमा कर्नाटकात शिरून रायचूरच्या बाजूला कृष्णेत, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. आमची मूळ घरं तेलंगणातली, सोलापूरच्या पूर्वभागात तीन पिढ्या झाल्या. एक आत्या अवनिगड्ड्याकडं दिली आहे, तिथून कृष्णेचं मुख जवळ. लहानपणी सुट्टीत गेलो की आत्याचे सासरे विचारायचे, "वरून आमच्यासाठी काय पाठवलं?" तेव्हा आम्हाला वाटायचं खाऊचं विचारतात.

तेव्हा समुद्र लांब आहे हे खरं, पण आपली मोरी त्याला जोडलेली आहे.

उजनी११७
ताई, भावना पोचल्या, पण जरा भूगोल. सोलापूर ते हंसलदीवी मध्ये किती धरणं? जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. आपल्याकडचं प्लास्टिक श्रीशैलमच्या गाळातच समाधी घेत असणार. आणि कृष्णा दर वर्षी समुद्राला पोचते असंही नाही. २००१ ते २००४ च्या दुष्काळी वर्षांत समुद्राला जवळजवळ काहीच पाणी गेलं नव्हतं. उगं सोलापूरला समुद्राचा गुन्हेगार करू नका.

तसंही आपण घाण घेणारे आधी, देणारे नंतर. पुण्याची मुळा-मुठा आमच्या उजनीत येते. धरणाच्या फुगवट्यात उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, त्याचा वास घेऊन बघा एकदा.

पद्मा_व्ही
गुन्हेगार नाही म्हटलं. जोडलेली म्हटलं. धरणात पिशवी अडकेल, पाण्यात विरघळलेलं अडकत नाही. आणि पुराच्या वर्षी दरवाजे उघडले की वर तरंगणारंही पुढं जातं.

शिलालेख
कुडलचा विषय निघाला म्हणून अवांतर. हत्तरसंग कुडलच्या संगमावर संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी. मी दरवर्षी कॉलेजच्या पोरांना घेऊन जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला जो पूर आला, त्यानंतर गेलो तेव्हा पोरांनी लेख कमी आणि बाभळी जास्त बघितल्या. डोक्याच्या वर हात पुरणार नाही एवढ्या उंचीला फांद्यांना पिशव्या गुंडाळलेल्या. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्याच्या गाठी तशाच मारलेल्या, एक सलाइनची बाटली नळीसकट. एका पोरानं पुड्यांवरच्या कंपन्यांची नावं वहीत उतरवून घेतली. ती यादी देवळातल्या लेखापेक्षा लांब झाली. पाणी कुठवर चढलं होतं ते मोजायला पट्टी लागत नव्हती, पिशव्यांची रेघच आखलेली.

कडक_भाकरी
अजून हजार वर्षांनी तिथं कुणी आलं तर वाचायला एवढंच सापडायचं, "ताजे दूध, अर्धा लिटर".

टॉवेलवाला
बराच वेळ गप्प बसलो होतो, कारण अशा धाग्यात फिरून फिरून बोट रंगाईवाल्याकडं येणार हे ठाऊक असतं. अजून आलं नाही म्हणून मीच पुढं होतो. अक्कलकोट रोडला माझं छोटं प्रोसेस हाऊस आहे, टॉवेल आणि चादरीचं सूत रंगवतो.

त्या इंजिनिअरची वही वाचून हसू आलं, कारण आमचीही तीच वही आहे. ईटीपीत, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या संचात, जो गाळ निघतो तो घातक कचरा. तो गोणीत भरून, वजन करून, फॉर्म १० वर सह्या घेऊन अधिकृत ठिकाणी पाठवायचा. गाडी कुठं निघाली, कुणी घेतली, सगळं कागदावर. म्हणजे गोणीभर गाळ पाठवताना मी मार्पोलच्या कॅप्टनसारखा सह्या करत बसतो आणि माझ्या भिंतीपलीकडून अख्ख्या वस्तीचा नाला वाहतो, त्याला सही कुणाची? भीमा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आहे, ती काय एकट्या टॉवेलानं गेली?

तिसरा_इंजिनिअर
टॉवेलवाले दादांचं पटलं. जहाजाला एक कॅप्टन असतो, नाव-गाव-परवाना असलेला. काही झालं की त्याला धरतात. नाल्याला कॅप्टन नाही.

उगाच_बे
नगरसेवकाला करा की बे कॅप्टन. टोपी घालायची आवड आहेच.

ॲड_माणिकचौक
विनोद सोडला तर आंतरराष्ट्रीय कायद्यातही नेमकं हेच झालंय. समुद्रातली बहुतेक घाण जमिनीवरून येते हे सगळे मान्य करतात. पण सागरी कायद्याचं कलम २०७ जमिनीवरच्या प्रदूषणाबद्दल देशांना सांगतं की जागतिक नियम 'लक्षात घेऊन' कायदे करा. कचरा टाकण्याच्या कलम २१० मध्ये 'कमी परिणामकारक नको' आणि इथं नुसतं 'लक्षात घ्या'. १९९५ मध्ये वॉशिंग्टनला जमिनीवरच्या घाणीबद्दल जागतिक कृती कार्यक्रम ठरला, पण तो बंधनकारक नाही. कुठल्याच सरकारला आपल्या गटारात दुसऱ्यानं नाक घातलेलं चालत नाही.

प्लास्टिकचा करार ही पोकळी थोडी भरेल असं वाटत होतं. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठरलं, २०२४ अखेरपर्यंत पूर्ण करायचा होता. बुसानला फिसकटलं, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला पुन्हा फिसकटलं. अडलं कुठं, तर प्लास्टिक मुळात तयारच कमी करायचं की फक्त कचरा आवरायचा. तेलवाल्या देशांना उत्पादनावर मर्यादा नको. भारतही उत्पादनावर बंधन नको याच बाजूला आहे, हे मास्तरांनी मुलांना जरूर सांगावं.

उजनी११७
आणखी एक. बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटलं, महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८०० टीएमसी. तेव्हापासून राज्यं टीएमसीवरून कोर्टात आहेत. एकेका टीएमसीला वकिलांची फौज. त्या टीएमसीत काय मिसळलंय यावरून एवढं भांडण झालेलं मी तरी ऐकलं नाही.

मास्तर_सातरस्ता
चर्चा मी धरली होती त्यापेक्षा बरीच पुढं गेली. माझं मत निम्मं शाबूत आहे. करार बोंबाबोंब झाल्यावरच होतात हे ग्रंथपालांच्या गोष्टींनीच सिद्ध केलं. पण झाल्यावर चालतात, तेही दिसलं. जिथं एक वही, एक सही आणि अडवायला एक बंदर आहे तिथं चालतात. मुलांना उद्या लंडन आणि मार्पोल परत शिकवणार, पण गार्बेज बुकापासून सुरुवात करून. आणि मागच्या बाकावरच्याला नकाशावर सीना ते हंसलदीवी रेघ ओढायला लावणार. परीक्षेत हे येणार नाही, येऊ द्या ना येऊ द्या.

टॉवेलवाले, एक विचारतो, रागावू नका. ईटीपीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ असतं?

टॉवेलवाला
रागावत नाही. रंग जातो, वास जातो. मीठ जात नाही.

सुती धाग्याला रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर पाण्यात मीठ भरपूर घालावं लागतं, पोती ओततो आम्ही. रंग धाग्यात जातो, मीठ पाण्यात राहतं. साध्या ईटीपीत जिवाणू घाण खातात, मीठ खात नाहीत. ते काढायचं तर आरओ, त्यानंतर बाष्पीभवनाचा संच, म्हणजे पाणी उकळून उडवायचं. त्याचा खर्च माझ्याएवढ्या कारखान्याला टॉवेलामागं काढायचा तर गिऱ्हाईक पानिपतच्या टॉवेलवाल्यांकडं जाईल. सामाईक प्रकल्प हा त्यावर मार्ग आहे, पण वर्गणीवरून आमच्यातच एकमत नाही.

आणि खरं सांगू का, समुद्राचा विचार केला तर मिठानं त्याचं काय बिघडणार आहे? तो खाराच आहे.

दक्षिणतालुका_शेतकरी
समुद्राचं बिघडत नसंल दादा, मधे आम्ही आहोत. माझी विहीर नाल्यापासून दोन शेतं सोडून. वडिलांच्या वेळेला त्या पाण्यावर द्राक्ष होती. आता ज्वारीसुद्धा पिवळी पडायलीय, मोटरीच्या पाइपला पांढरा थर धरतोय. कुठल्या लंडनच्या यादीत माझी विहीर येते ते वकीलताईंनी सांगावं.

ॲड_माणिकचौक
लंडनच्या नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात येते, आणि हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढं जाता येतं. पण त्याआधी पाण्याचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हवा, पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन. नाल्यात विहिरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने वेगळे घ्या. नुसत्या पाइपवरच्या थराचा फोटो चालणार नाही.

दक्षिणतालुका_शेतकरी
अहवाल करतो. टॉवेलवाले दादांनी पण त्यांच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, इथं टाकावा, मी माझ्या विहिरीचा टाकतो.

टॉवेलवाला
टाकतो. पण एकट्याचा नाही टाकणार, आमच्या पट्ट्यातल्या आणखी तिघांना तयार करतो. आणि नाल्याचा नमुना तुम्ही माझ्या भिंतीच्या वरच्या अंगाला पण घ्या, नुसता खालच्या नको. सोमवारी सकाळी या, आठच्या आत, मशिनी सुरू व्हायच्या आधी एक बाटली आणि नंतर एक.